मित्राचा पोर्टफोलिओ वाचताना

पहिल्यांदाच वर्गमित्राचा पोर्टफोलिओ, म्हणजे त्याच्या लेखनाची सगळ्या खर्ड्यांसकटची फाईल, तपासणार आहेस ना? मग लाल पेन आधी बाजूला ठेव. पहिल्यांदा नुसतं वाचकासारखं वाच. जिथे अडखळायला झालं, तिथे समासात बारीक खूण कर. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. मग पहिला खर्डा आणि शेवटचा मसुदा शेजारी ठेवून बघ: काय गाळलं, कोणता परिच्छेद वर सरकला. मला तर यातूनच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, छापील पुस्तकात ही खाडाखोड दिसतच नाही. ‘छान लिहिलंय’ असा शेरा देऊ नकोस, त्याचा काडीचा उपयोग नसतो. ‘उदाहरण येईपर्यंत मला मुद्दा कळला नाही’ असं नेमकं लिही. मी एकदा मैत्रिणीच्या लांबलेल्या प्रस्तावनेवर ऐटीत शेरा मारला. घरी येऊन स्वतःचा निबंध उघडला, तर तीच गत! पहिली दोन पानं त्याच रात्री काढून टाकली.