मृत्यू टळत नाही, तर उद्धार कशाचा?

प्रश्न : फ्रान्झ रोझेन्झ्वाइग यांचा ‘उद्धाराचा तारा’ हा ग्रंथ मृत्यूच्या भयापासून सुरू होतो, असे वाचले, पण मृत्यूवर मात करण्याचे आश्वासन त्यात दिसत नाही. मग आधुनिक ज्यू विचारवंतांना अभिप्रेत असलेला उद्धार नेमका कोणता? – एक वाचक

उत्तर : जर्मन ज्यू तत्त्वज्ञ रोझेन्झ्वाइग यांना मृत्यूपासून सुटका अपेक्षितच नव्हती. पहिल्या महायुद्धात बाल्कन आघाडीवर जर्मन सैन्यात असताना १९१८ मध्ये त्यांनी हा ग्रंथ लिहायला घेतला आणि मजकूर लष्करी पोस्टकार्डांवर उतरवून ते आईकडे पाठवत राहिले. १९२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जिवाच्या भीतीने जमिनीला बिलगलेल्या माणसाला ‘विश्वाचे सर्वव्यापी तत्त्व तर अबाधितच आहे’ असे समजावणे ही त्याची फसवणूक आहे, असा आरोप त्यांनी पहिल्याच पानांत ग्रीकांपासून जर्मन तत्त्वज्ञ हेगेलपर्यंतच्या तत्त्वज्ञानावर ठेवला. त्या माणसाला कोठेही निसटायचे नसते, त्याला इथेच राहायचे असते. हे भय दडपू नये, ते बाळगूनच जगावे, ही भूमिका मला संपूर्ण ग्रंथात सर्वांत प्रामाणिक वाटते.

मग मृत्यूसमोर टिकते काय? येथे ते बायबलमधील ‘गीतरत्न’ या काव्याकडे वळतात, ज्यात प्रेम मृत्यूइतके बलवान असल्याचे म्हटले आहे. ईश्वराचे प्रेम एकेका माणसाला त्याच्या नावाने हाक मारते. त्या हाकेने तो आपल्या कोषातून बाहेर पडतो, आणि मिळालेले प्रेम शेजाऱ्याकडे, म्हणजे त्या क्षणी जो जवळ असेल त्याच्याकडे वळवतो, तेव्हा जगाचा उद्धार घडू लागतो. योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या वार्षिक प्रायश्चित्ताच्या दिवशी भाविक जे पांढरे वस्त्र अंगावर घेतो, ते त्याचे कफनच असते. त्या वेशात तो जिवंतपणीच मृत्यूला सामोरा जातो आणि दिवस मावळल्यावर रोजच्या व्यवहारात परततो. ग्रंथाचे अखेरचे शब्दही वाचकाला जीवनातच पाठवतात.

ही केवळ मांडणी राहिली नाही. १९२२ मध्ये जडलेल्या असाध्य विकाराने त्यांची वाचा आणि हालचाल हिरावली. तरीही पत्नी एडिथ त्यांच्या खुणांवरून एकेक अक्षर ओळखत असे, आणि त्याच अवस्थेत ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांच्यासह हिब्रू बायबलच्या जर्मन अनुवादाचे काम १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालू राहिले.

ज्यू समाज जणू इतिहासाबाहेर, शाश्वताच्या सान्निध्यात राहतो, हे त्यांचे प्रतिपादन मात्र नाझी संहारानंतर वाचताना फार जड जाते. फ्रेंच ज्यू तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेव्हिनास यांचे बहुतेक कुटुंबीय त्या संहारात मारले गेले. रोझेन्झ्वाइग यांचे ऋण त्यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात आवर्जून मान्य केले. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर यांनी ज्याच्या-त्याच्या स्वतःच्या मृत्यूला दिलेले केंद्रस्थान मात्र लेव्हिनास यांनी दुसऱ्याच्या मृत्यूला दिले: समोरच्या माणसाला मरणाच्या दारात एकटे न सोडण्याची जबाबदारी, मी ती पत्करण्यापूर्वीच, माझ्यावर आलेली असते.