मुरमाड अंगणात ऑफिस टाइम: बी दडपू नका

प्रश्न: घरापुढच्या मुरमाड उतारावर ऑफिस टाइमचे (चिनी गुलाबाचे) बी पेरले, पाणीही दिले, पण उगवले नाही. बी खोटे निघाले का? आणि हे डाळिंबाच्या बागेत आच्छादन म्हणून चालेल का? (जत व सांगोला भागातील शेतकरी)

उत्तर: बियाण्याला लगेच दोष देऊ नका. पेरले कसे, ते आधी पाहा. ज्वारी-बाजरीच्या सवयीने आपण बी मातीआड करतो. हे बी बारीक खसखशीहूनही लहान असते आणि उगवायला त्याला उजेड लागतो. बोटभर मातीखाली गेले की ते संपलेच.

फेब्रुवारी संपता संपता, रात्रीची थंडी ओसरली की पेरा. पावसाळ्यात नको, पहिल्याच सरीत बी उताराने वाहून जाते. मुरमात चाळलेली माती आणि वाळू मिसळून वाफा सपाट करा. शेणखत अगदी बेताचे टाका, नाहीतर पालाच माजतो आणि फूल कमी येते. आधी वाफा भिजवा. मग चमचाभर बी मूठभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून वरून भुरभुरा आणि फळीने हलके दाबा. वर माती ओढू नका, गोणपाटही टाकू नका. उगवेपर्यंत फवारणी पंपाने सकाळ-संध्याकाळ बारीक तुषार द्या. मात्र तणनाशक मारलेला पंप यासाठी अजिबात वापरू नका.

एक ते दोन आठवड्यांत केसासारखी लालसर रोपे दिसतात. त्यांच्यासोबत घोळही उगवते, कारण दोन्ही एकाच कुळातली. पान चपटे असेल तर घोळ, सुईसारखे गोलसर असेल तर आपले. घोळ उपटा आणि डाळ घालून भाजी करा! रोपे दोन-तीन सेंटिमीटर झाली की वीतभर अंतरावर लावा.

रोपे रुजली की पाण्याला हात आखडता घ्या. पाने-खोडे मांसल असल्याने झाड पाणी साठवते. भर उन्हाळ्यातही माती वरून सुकल्याशिवाय पाणी नको. उन्हापेक्षा पाणी साचून कुजलेलीच जास्त पाहण्यात येतात. सावलीत लावू नका, तिथे फुले उमलतच नाहीत.

डाळिंबाबद्दल माझे मत: ठिबकच्या ओलीत नकोच. तिथे हे कुजेल आणि खोडाजवळची स्वच्छताही अवघड होईल. बांधाच्या कोरड्या कडेला हरकत नाही, फक्त शेळ्या तिकडे सोडू नका. यात ऑक्झलेट असते, जास्त खाल्ल्यास जनावराला त्रास होतो.

फांदी खोचूनही हे लागते, मग बी कशाला, असे काहींचे म्हणणे आहे. दोन-चार कुंड्यांपुरते ते बरोबर. अख्खे अंगण झाकायचे तर बीच स्वस्त, आणि रंगही मिसळून मिळतात. घरचे बी धरायचे असेल तर बोंड पिवळसर होताच खुडून कागदावर सावलीत वाळवा. एक-दोन दिवस उशीर झाला की त्याचे झाकण उडते आणि बी मातीत सांडते. दुहेरी पाकळीच्या संकरित वाणाचे बी मात्र धरू नका, पुढच्या वर्षी फुले तशीच येतील याचा भरवसा नसतो. त्याच्या फांद्याच लावा.