रात्री दहाचं शंटिंग

भुसावळहून एका निवृत्त रेल्वे ड्रायव्हरांचं पत्र आलंय. (आता लोको पायलट म्हणतात, पण त्यांनी स्वतः ड्रायव्हरच लिहिलंय.) 34 वर्षं गाडी चालवली, झोपेला ना दिवस ना रात्र. निवृत्त झाल्यावर हौसेनं वेळापत्रक आखलं. पावणेपाचला उठणं, ग्राउंडवर फेऱ्या, प्राणायाम, पोथीचा एक अध्याय, रात्री वहीत 'आजच्या पाच चांगल्या गोष्टी', आणि दिवसभरात दहा हजार पावलं. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही. आता लिहितात, "ताई, सगळं होतं, पण जीव कशातच लागत नाही. दात घासल्यासारखं उरकतो. सोडावं म्हटलं तर साखळी तुटेल अशी भीती. ही म्हणते, घराचं स्टेशन करून टाकलं तुम्ही."

भाऊ, नमस्कार.

तुम्ही विचारलंय वेळापत्रकाबद्दल, पण मी अडकले ती पत्रातल्या दुसऱ्याच वाक्याशी. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक आणि नातू आले होते, नातू निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून "आबा, झोका द्या" म्हणत होता, आणि "माझी प्राणायामाची वीस मिनिटं बाकी होती." हे लिहून तुम्ही सरळ पुढच्या मुद्द्याकडे गेलात. मला काही पुढे जाता येईना.

रोज तेच ते केल्यानं माणूस कंटाळतो, असं सगळेच म्हणतात. तुम्हाला तरी ते पटायला नको. भुसावळ ते इगतपुरी किती वेळा केलंत? पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव, मनमाड. स्टेशनात शिरतानाचे तेच होम सिग्नल, सुटतानाचे तेच स्टार्टर. तरी प्रत्येक सिग्नल दिसला की तुम्ही तो मोठ्यानं बोलायचात आणि शेजारचा असिस्टंट तोच परत बोलायचा. रस्ता तर दोघांनाही पाठ होता. पण पाठ झालेला रस्ता माणूस उघड्या डोळ्यांनी, न बघता पार करतो, आणि काल हिरवा होता म्हणून आज पिवळा नसेल असं कोण सांगणार? निवृत्त होताना रूळ तेवढे घरी आणलेत, सिग्नल बोलणं राहून गेलं.

माझी आई चोपड्याला साठ वर्षं भाकरी करत होती. परातीत दादर ज्वारीचं पीठ घेतलं की आधी चिमूटभर बोटांत चोळून बघायची. "विरी गेली गं," (म्हणजे पिठाचा चिकटपणा) म्हणत पाणी तापायला ठेवायची. दळण ताजं असलं की गार पाण्यावर भागायचं. कंटाळा तिलाही यायचा, भांडी आपटायचीसुद्धा. पण पीठ चोळल्याशिवाय पाणी ओतलेलं मी कधी पाहिलं नाही.

आता तुमची वही. नमुना तुम्हीच दिलाय: पत्नी, मुलं, तब्येत, पेन्शन, देव. दुसऱ्या दिवशी: पत्नी, मुलं, तब्येत, पेन्शन, देव. (वहिनी रोज पहिल्या नंबरावर आहेत, हे त्यांना कधी सांगितलंत का?) ही पाचाची यादी बंद करा. एकच ओळ लिहा, पण काल लिहिता आली नसती अशी. ग्राउंडच्या कडेच्या निंबाला फुलोरा आला, चहावाल्यानं आज आलं जास्त घातलं, नातू फोनवर एक नवाच शब्द बोलला. नाही सुचलं तर पान कोरं राहू द्या.

पावलं मोजणं मात्र आजच थांबवा. दहा हजारांचा तो आकडा कुठल्या डॉक्टरनं तपासून काढलेला नव्हता. 1965 मध्ये एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मोजमाप' अशा अर्थाचं ठेवलं. फिरणं चांगलंच आहे, सोडू नका. पण राहिलेली सहाशे पावलं भरायला रात्री दहाला हॉलमधून स्वयंपाकघरात आणि तिथून परत मागे? 'शंटिंग' (यार्डात डबे मागेपुढे करतात ते) हा शब्द वहिनींचाच ना? अगदी नेमका आहे. आणि मे महिन्यात भुसावळचा पारा 45 पार करतो, तेव्हा तर पहाटे जेवढं होईल तेवढंच.

पोथी गोडी लागली म्हणून वाचता की निवृत्त माणसानं वाचायची असते म्हणून, हे तुमचं तुम्हाला ठाऊक. पत्रात तिच्याबद्दल एक ओळही नाही, यावरून मी अंदाज बांधला आहे.

आणि ती साखळी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांच्या सवयींचा बारा आठवडे अभ्यास झाला, तो 2010 मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागतील तर कुणाला 254, असा अंदाज त्यातून निघाला. सरासरी 66 च्या आसपास. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. तुमची तर दोन वर्षं झाली. नातवाला दहा झोके दिले असते तर प्राणायाम काही रुसून माहेरी गेला नसता.

जेवण सव्वाबाराच्या ठोक्याला लागतं, असंही लिहिलंय. पुढचे पंधरा दिवस ती वेळ वहिनी ठरवतील. त्यांनाही 34 वर्षं तुमच्या ड्युटीच्या कॉलवर डबा भरायला लागलाय.

एक गोष्ट थोडक्यात. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आवडीचं भरीतही नको वाटत असेल आणि हे दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर मला लिहीत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. निवृत्तीनंतर असं पुष्कळांचं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नातवाला या रविवारी फोन करा. झोका अजून बांधलेला असला तर सोडू नका. आणि पुढच्या पत्रात शेवटच्या दोन ओळी वहिनींना लिहू द्या. शंटिंग थांबलं की नाही, ते त्याच खरं सांगतील.