क्लास लावलाय तरी मुलगा हलत नाही

मी मुलांची समुपदेशक. पहिली ते पाचवीतल्या मुलांचे आईबाबा माझ्याकडे आता मार्कांपेक्षा जास्त ही काळजी घेऊन येतात की मूल दिवसभर बसलेलंच असतं, खाली खेळायला जा म्हटलं की रडारड, आणि खेळाचा क्लास लावून बघितला तरी काही फरक नाही. म्हणून बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका घरातलं सांगते, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाहीये.

मुलगा तिसरीत, आई बँकेत, बाबा मकरपुऱ्याला कंपनीत शिफ्टवर, आणि आजोबा. दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून सगळे सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलेले. आई आल्या आल्या म्हणाली, ताई, हा फार आळशी झालाय हो, आठवड्यातून दोनदा स्केटिंगला पाठवतो, फी भरतो, बाकी सगळा वेळ सोफा आणि मोबाईल. मुलगा तिथेच मान खाली घालून ऐकत होता. मी आईला आधी एवढंच सांगितलं की त्याला आळशी म्हणणं आजपासून बंद, आठ वर्षांच्या मुलाला रोज जे ऐकवतो ते त्याला स्वतःबद्दल खरंच वाटायला लागतं.

मग घरच्यांना एक काम दिलं. शाळेच्या एका दिवसाचं सगळं लिहून आणा, किती वाजता काय आणि त्यातलं बसून काय. पुढच्या वेळी तो कागद वाचताना आई स्वतःच गप्प झाली. व्हॅनमध्ये बसून शाळा, शाळेत बाकावर, परत व्हॅन, टीव्हीसमोर जेवण, चारला ट्युशन, तिथे दोन तास मांडी घालून, मग होमवर्क, मग मोबाईल, मग परत टीव्हीसमोर जेवण. जागेपणीचे नऊ-दहा तास बसून, आणि त्यात मोबाईल जेमतेम दीड तासाचा. म्हणजे ज्याच्यावर घरातल्या सगळ्यांचा राग तो मोबाईल या हिशोबात लहान निघाला, बाकीचं बसणं मोठ्यांनीच टाइमटेबलमध्ये भरून ठेवलेलं. केंद्र सरकारच्या 2020 च्या स्कूल बॅग पॉलिसीत दुसरीपर्यंत होमवर्कच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास असं आहे, आठवड्याला हां, आणि आपण रोज तेवढा वेळ फक्त ट्युशनलाच बसवतोय.

मोबाईलला मोकळं सोडा असं मी म्हणत नाहीये. आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, आयएपी, 5 ते 10 वर्षांच्या मुलांना स्क्रीन दिवसाला 2 तासांच्या आतच ठेवा म्हणते आणि मला ते पटतं. पण डब्ल्यूएचओच्या 2020 च्या सूचना बघा, 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं थोडाफार ते चांगला दम लागेल असं हलायला हवं, आणि त्याच्याच जोडीला वेगळं सांगितलंय की बसून राहण्याचा वेळ कमी करा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तासभर क्लास करूनही उरलेला सगळा दिवस बसून जाऊ शकतो, आणि क्लासच्या तासातही कितीतरी वेळ मुलं लाइनीत स्वतःच्या टर्नची वाट बघत असतात, एकदा तिथे थांबून बघा.

आईला मी विचारलं, नवरात्रात काय करतो हा? तर ती हसून म्हणाली, अहो नऊ दिवस गरब्यात असतो, रात्री ओढून घरी आणावं लागतं, आणि उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, तर सकाळपासून गच्चीवर पतंग उडवत, जेवायलाही खाली येत नाही. मग हा मुलगा आळशी कसा? त्या दिवसांत आई, बाबा, शेजारी सगळेच नाचत असतात, सगळेच गच्चीवर असतात, आणि कोण पहिला कोण शेवटचा हे कोणी मोजत नाही. बाकीचे दिवस आपण सगळे बसलेले असतो आणि एकट्या त्यालाच सांगतो की जा, खाली जाऊन खेळ.

खाली का जात नाही हे त्याने मला बॉल खेळता खेळता सांगितलं. मुलांना मी समोर खुर्चीत बसवून प्रश्न विचारत नाही, मऊ बॉल इकडून तिकडे टाकत राहिलं की मुलं आपोआप बोलतात. सोसायटीतले पाचवी-सहावीतले मुलगे त्याला फक्त फिल्डिंग देतात, बॅटिंग कधीच नाही, कॅच सुटला की जा घरी म्हणतात. घरी आल्यावर आई विचारते, इतक्यात आलास? त्यापेक्षा सोफा बरा, असं त्याला वाटलं तर त्यात त्याचं काय चुकलं. त्यामुळे मूल खेळायला नाही म्हणत असेल तर आधी तिथे त्याच्याशी कोण कसं वागतं ते शांतपणे काढून घ्या. आणि डोळेही तपासा, बॉल नीट दिसत नसलेलं मूल खेळ टाळतंच. पटकन धाप लागते, पाय दुखतात, झोपेत घोरतो, असं काही असेल तर समुपदेशकाच्या आधी मुलांच्या डॉक्टरांकडे जा. याचं तसं काही नव्हतं.

मग बदल केले ते अगदी घरगुती. ट्युशनच्या मॅडमना आईने सांगितलं की मधे पाच मिनिटं मुलांना उठू द्या, त्या लगेच तयार झाल्या, आणि आता सगळ्याच मुलांना उठवतात. पाढे आणि स्पेलिंग येरझाऱ्या घालत म्हणायचे, लिहायचं तेवढंच बसून. लिफ्टमधून पाचव्यावर उतरायचं आणि पुढे जिना. पाण्याच्या बाटल्या भरणं, गेटवरच्या भाजीच्या हातगाडीवरून कोथिंबीर आणणं ही त्याची कामं, आणि ती शिक्षा म्हणून कधीच द्यायची नाहीत. जेवताना टीव्ही बंद, तो सगळ्यांचाच, आजोबांची बातम्यांची वेळसुद्धा सरकली. मोबाईल ओढून घ्यायचा नाही, आधीच ठरवायचं की हा भाग संपला की बंद, कारण मधेच हिसकावला की पुढचा तास भांडणात जातो आणि सगळेच परत बसलेले. पहिले काही दिवस त्याने खूप आदळआपट केली, ती होतेच, तेव्हा ठरलेलं मोडू नका.

क्रिकेटच्या नादी आम्ही लागलोच नाही. चौथ्या मजल्यावरची एक मुलगी आणि अजून दोन-तीन छोटी मुलं जमवली, पकडापकडी, लंगडी, लगोरी. खरी अडचण जागेची होती, पार्किंगमध्ये खेळू नये असा बोर्ड. आजोबा कमिटीशी बोलले आणि संध्याकाळी तासभर एक कोपरा गाड्यांशिवाय मिळाला, उन्हाळ्यात साडेसहानंतर. माझ्या मते ही त्या घराने केलेली सगळ्यात मोठी गोष्ट, कारण फायदा इमारतीतल्या सगळ्याच मुलांना झाला. आजोबा लहानपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात, माणिकरावांच्या त्या आखाड्यात जायचे, आता गुडघे दुखतात तरी नातवाला लेझीम शिकवतायत, स्वतः खुर्चीवर बसून पण हात चालू. रविवारी सकाळी दोघं कमाटीबागेत जातात.

मुलगा अजून टीव्ही बघतो, स्केटिंग त्याने सोडलं आणि आईला मी ते सोडू द्या म्हटलं. संध्याकाळी मात्र तो न सांगता खाली जातो. राहिलेत बाबा. शिफ्टवरून आले की ते सोफ्यावर मोबाईल घेऊन आडवे, थकलेले असतात हे मान्य, पण मुलगा तेच बघतो. पुढच्या वेळी त्यांना एकट्यालाच बोलावलंय, त्यांच्या शिफ्टचा चार्ट घेऊन या म्हटलंय.