परदेशातील मुलीची मैत्री

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत एम. एस. करते आहे. तिची सारी ऊठबस मराठी आणि तेलुगू मुलींतच असते. इतर वंशांच्या लोकांशी मैत्री असेल तर मन निरोगी राहते, असे मी वाचले. तिला तसा आग्रह करावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आग्रह करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र आपण वाचलेले निराधार नाही.

अमेरिकेत लॅटिनो (म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या) आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्या जमवून तीन भेटींत त्यांची ओळख हळूहळू वाढवण्याचा एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या गटाविषयी ज्यांच्या मनात सुप्त पूर्वग्रह होता, किंवा आपल्या वंशामुळे आपल्याला झिडकारले जाईल अशी धास्ती होती, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची वाढ भेटींगणिक कमी होत गेली. म्हणजे ज्याला अशा मैत्रीची भीती अधिक, त्यालाच तिचा उपयोगही अधिक झाला. परंतु तिथे दोघांनाही बोलायला निवांत वेळ आणि समान वागणूक मिळाली होती, हे विसरून चालणार नाही. नुसते एका वर्गात बसल्याने तसे घडत नाही.

आपल्या माणसांतली मैत्री ही काही उणीव नव्हे. दिवसभर परक्या भाषेत वावरून, कधी उच्चारावरून तर कधी रंगावरून टोचून घेऊन आलेल्या मुलीला जिथे काहीच समजावून सांगावे लागत नाही असे घर लागतेच. आपल्या सोलापुरात तरी वेगळे काय होते? पूर्व भागातल्या विडी कारखान्यात वळलेल्या विड्या देऊन पाने-तंबाखू घेण्यासाठी रांगेत थांबलेल्या बायका घरी तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा मराठी बोलत असल्या, तरी रोजच्या भेटीतूनच एकमेकींच्या सासरची, दुखण्याची विचारपूस करू लागतात. ती ओळख कोणी लावून दिलेली नसते. रोजचे काम एक असते, म्हणून ती होते.

तेव्हा फोनवर ‘तुझ्या मैत्रिणी कोणत्या देशाच्या?’ असे विचारण्याऐवजी प्रयोगशाळेत शेजारी कोण बसते, जेवायला कोणाबरोबर जाते, ताप आला तर औषध कोण आणून देईल, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला तिच्याकडे एकही नाव नसेल, तर मात्र काळजी करावी आणि विद्यापीठातील समुपदेशकाकडे जाण्यास तिला सुचवावे. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत ही सोय असते.