नदी वाचायला शिकतोयस? मग आधी संगमावर जा

पहिल्याच आठवड्यात ड्रोन, अ‍ॅप असलं काही घेऊ नकोस. वही, पेन्सिल आणि सर्वे ऑफ इंडियाचा नकाशा पुरे.

पहिली फेरी सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलला. तिथं सीना भीमेला मिळते. सीना भीमेची डावी उपनदी. इथंच नवखे गोंधळतात: डावा-उजवा काठ आपण कुठं उभे आहोत त्यावर ठरत नाही, प्रवाह जातोय तिकडं तोंड करून ठरतो. मीही वर्षभर उलटंच लिहीत होतो, वही अजून जपून ठेवलीय!

मग पंढरपूर. तिथं भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून चंद्रभागा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी वेगानं आपटतं, काठ झिजतो. आतल्या बाजूला वेग मरतो आणि वाळू बसते. पायानं चाचपून बघ, आतला काठ उतरता आणि मऊ लागतो.

आणखी नेहमीच्या चुका:
- दिसेल त्या पाण्याला नैसर्गिक सरोवर म्हणणं. उजनी म्हणजे धरणानं बुडालेलं भीमेचं खोरं. उन्हाळ्यात पाणी हटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं ते उगाच नाही.
- सपाट माळ म्हणजे गाळाचं मैदान, असं धरून चालणं. आपल्या पायाखाली लाव्ह्याचे थर आहेत. विहिरीची कड बघ: वर काळी माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण.

समोच्च रेषांचं (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचं) गणित नंतर. कुडलला सकाळी लवकर निघ, मे महिन्यात दहानंतर तिथं उभं राहवत नाही.