सर्व्हर बदलताना आमच्या ट्रेकिंग ग्रुपची साइट किती वेळ बंद राहील?

डेटाबेस लहान असेल तर अर्धा-एक तास. डीएनएस, म्हणजे साइटचं नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारी यंत्रणा; तिचा टीटीएल बघा, म्हणजे ती जुनी नोंद लोकांकडे किती वेळ जपून ठेवली जाते तो काळ. ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस असेल तर दोन दिवस आधीच ३०० वर आणा. नाहीतर निम्मी मंडळी जुन्याच सर्व्हरवर लिहीत बसतात आणि ते सगळं पाण्यात. म्हणून शेवटचा बॅकअप घेण्याआधी जुनी साइट फक्त वाचण्यापुरती ठेवा.

खरी गोम मराठीची. मी पहिल्यांदा साइट हलवली तेव्हा ‘नमस्कार मंडळी’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली होती! मायएसक्यूएल या डेटाबेसचा डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची फाइल, काढताना आणि भरताना, दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ ही अक्षरं साठवायची पद्धत सांगा. मायएसक्यूएलमधलं जुनं यूटीएफ८ अक्षरामागे तीनच बाइटांचं, चार बाइटांचे इमोजी मावत नाहीत. जुना सर्व्हर आठवडाभर तरी बंद करू नका. ईमेलची एमएक्स नोंद (पत्रं कोणत्या सर्व्हरवर जायची ते सांगणारी) तिकडेच राहिल्याचं हमखास नंतर आठवतं.